पुरुष चंद्रावर गेले तेव्हाची रोवणी

५ जुलै

प्राची गोंदियाहून आली. कॉलेजच्या फिल्म क्लबात तीन परदेशी पिक्चर दाखवले म्हणे, तिन्हींत एकच गोष्ट: जगातले सगळे पुरुष संपले. पेनड्राइव्हच घेऊन आली. "आई, बचत गटातल्या सगळ्यांना बोलाव." पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, अजून लहान आहेत, ती चिखलात लावायच्या रोवणीला आठवडा आहे, बाया मोकळ्याच. अकरा जणी जमल्या. पटलीण काकूही आल्या, ज्यांच्या धानाच्या बांध्यांत आमच्यातल्या निम्म्या रोवायला जातात. पहिल्यांदाच आमच्या घरी बसून चहा प्यायल्या. त्यांच्या लक्षातही आलं नसेल, मी मात्र लिहून ठेवते.

दोन पिक्चर झाले, तिसरा अर्ध्यावर असताना लाइट गेली. पहिल्यात पुरुष कसल्याशा रोगानं मेलेले. बाया जमिनीखाली राहतात, सगळ्यांचे कपडे पांढरेशुभ्र, अंगाला चिकटलेले. दुसऱ्यात बाया दुसऱ्या ग्रहावर, कपडे तेच. शेवटी कुठूनतरी एक पुरुष सापडतो, आणि तोवर अख्खं जग चालवणाऱ्या बाया त्याच्यामागे येड्यासारख्या धावतात.

यमुना पूर्ण वेळ गप्प. (रोवणीच्या टोळीत पुढारीण तीच, तिच्यापुढे कोणाचं चालत नाही.) लाइट गेल्यावर अंधारातून तिचा आवाज आला, "एवढ्या बाया, अन् एकीच्याबी हातात विळा नाई. ह्या खाऊन काय राहिल्या?"

प्राची (पुढे नुसतं प्रा.) म्हणाली, मावशी, ते सायन्स फिक्शन आहे. यमुना म्हणाली, मग सायन्सवाल्यांना भूक लागत नाही का.

माझं म्हणणं वेगळं. ते पांढरे कपडे धुतं कोण? दोन पिक्चरमध्ये एक दोरी दिसली नाही.

६ जुलै

सकाळी नळावर तोच विषय. पुरुष नसले तर लाइटच्या डीपीवर चढेल कोण, बैल धरेल कोण. एकीनं विचारलं, मग भांडायचं कोणाशी? यावर बराच वेळ गंभीर चर्चा झाली. पटलीण काकू म्हणाल्या, आमच्या घरी चार पुरुष, पण रोवणीत वाकलेला एकही मी पाहिला नाही, धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभं राहून हात दाखवतात. मी सहज बोलून गेले, की मग रोवणीच्या दिवसांत बांधीत पाहा, पुरुष आधीच संपलेले आहेत.

प्रा.ने ते पकडलं. सेट नको, पांढरे कपडे नको. आपणच काढू, मोबाइलवर. आणि दिवाळीनंतर गावच्या मंडईत, म्हणजे जत्रेत, दाखवू.

पुरुष जातात कसे, यावर दोन तास गेले. प्रा. म्हणे व्हायरस. नको, म्हणाल्या सगळ्या. कोरोनाची ती दोन वर्षं अजून डोळ्यांसमोर आहेत. शेवटी यमुनानं सोडवलं. "ठेकेदारानं नेले म्हना. हैदराबादले नेते तसा चांदावर नेला." एकदम पटलं सगळ्यांना. धान कापून झाले की गावातली निम्मी पोरं तशीच गाडीत बसून जातात.

तर गोष्ट अशी. ठेकेदार आला, चंद्रावर बांधकाम आहे म्हणाला, राहणं-खाणं त्याच्याकडे. गावातले सगळे पुरुष रॉकेटात बसले. परत आले नाहीत. साठ वर्षं झाली. गावातल्या पोरींनी पुरुष कधी पाहिलाच नाही. पुरुष पाहिलेली एकच म्हातारी उरली आहे.

९ जुलै

म्हातारी मी.

यमुनानं नाव सुचवलं आणि कोणी नाही म्हटलं नाही. अंगणवाडीत वीस वर्षं पोरांना गोष्टी सांगते, म्हणून असेल. हो म्हटलं आणि घरी येईपर्यंत पायाला जमीन लागली नाही. पंचेचाळिसाव्या वर्षी.

संध्याकाळी वा.ला सांगितलं. (लग्नाला चोवीस वर्षं झाली, वहीतसुद्धा पूर्ण नाव लिहायला हात धजत नाही. माझ्या आईनं लावलेली सवय.) तो कोंबड्या कोंडत होता. "मेन रोल?" एवढंच विचारलं. मग कोंबड्या दोनदा मोजल्या.

मला कळतं ना. तीस वर्षं या माणसानं दंडारीत, आमच्याकडच्या लोकनाट्यात, बाईचं काम केलं. राणी, सवत, विधवा, कलावंतीण. सालेकसा-देवरीकडून लोक बैलगाड्या जुंपून त्याला पाहायला यायचे, बाया त्याच्याकडून चालणं शिकायच्या. गावात त्याला वासूबाई म्हणतात आणि तो ओ देतो. आता नाटक मंडळं खऱ्या नट्या आणतात. ते बरोबरच आहे, मी स्वतः म्हणते बरोबर आहे. पण चार हंगाम झाले, त्याला बोलावणं नाही. आणि घरात भूमिका आली ती माझ्याकडे.

१४ जुलै

शूटिंगचा पहिला दिवस. पटलीण काकूंची मोठी बांधी. प्रा.चा एकच नियम: चौकटीत पुरुष दिसता कामा नये. पुरुषाची चप्पलसुद्धा नाही.

चौदा जणी ओळीनं वाकलेल्या, गाणं सुरू, चिखलात आभाळ दिसत होतं. प्रा. म्हणाली, फार सुंदर. तेवढ्यात सगळ्यांचे हात एकदम डोक्याकडे गेले. चिखलाच्या हातांनी पदर ओढले, गाणं बंद. काय झालं म्हणून प्रा. वळली तर धुऱ्यावर काकूंचे भासरे, म्हणजे मोठे दीर, छत्री घेऊन उभे.

त्यांना हात जोडून पाठवलं. पुन्हा सुरू. पुन्हा हात वर. आता शाळेचे गुरुजी. मग आणखी दोघं. पुरुष नसलेलं जग कसं दिसतं ते पाहायला गावातले एकूण एक पुरुष आले. एवढे पुरुष या धुऱ्यावर पेरणीलाही नसतात.

सगळ्यांत वाईट म्हणजे दुपारी. धुरा मोकळा, एकही माणूस नाही, कॅमेरा सुरू, आणि तरी हात वर. का, तर कालव्यापलीकडे कोणी खोकललं. प्रा. डोकं धरून बसली. "साठ वर्षं झाली पुरुष जाऊन. तुम्ही पदर कोणासाठी घेता?" आम्ही एकमेकींकडे पाहिलं. माझाही पदर डोक्यावरच होता, आणि मी तर घरी कधीच घेत नाही.

हसून हसून यमुना चिखलात बसली. पण शॉट एकही नाही मिळाला.

१५ जुलै

आजचा दिवस नीट लिहायला हवा.

सकाळी प्रा. रडवेली. रोवणी तीन दिवसांची, नंतर हे हिरवं पाणी मिळणार नाही. वा. ओसरीवर बसून दाढी करत होता. म्हणाला, "माणसं मी नेतो." कुठे नेतोस? "चांदावर."

मग त्यानं दाढी पुन्हा एकदा केली, काळजीपूर्वक. माझं हिरवं लुगडं मागितलं. निऱ्या मी धरल्या, सवयीनं. ढोलकीवाल्याला निरोप गेला. दहा वाजता बुद्धविहारामागच्या आंब्याखाली ढोलकी वाजली आणि आम्ही बांधीतून पाहिलं, धुऱ्यावरची एकेक छत्री वळून तिकडे निघाली. भासरे सर्वांत पुढे.

साडेचार तास. साडेचार तास त्यानं गावातले पुरुष धरून ठेवले. आम्हाला फक्त आवाज येत होता, ढोलकी, शिट्ट्या, मध्येच त्याचा वरच्या पट्टीतला गळा. चार वर्षांत तो आवाज ऐकला नव्हता. यमुना वाकल्यावाकल्या म्हणाली, "तुया माणूस म्हंजे एक नंबरची बाई आहे वं." हात कोणाचेही वर गेले नाहीत. दुपारनंतर तर आम्ही कॅमेरा विसरलो.

तो आला तेव्हा घामानं भिजलेला, गळा बसलेला, काजळ गालावर उतरलेलं. अंगणात उभा राहून हसत होता. इतका देखणा मला तो लग्नातही दिसला नव्हता. हे लिहिलंय ते त्याला कधी दाखवणार नाही.

२ ऑगस्ट

रॉकेट मिळालं. तिरोड्याच्या रस्त्याला राइस मिलमागे कोंडा साठवायची पत्र्याची उंच टाकी आहे, वर निमुळती. खालून शूट केलं की थेट रॉकेट. पुरुष दाखवायचे नाहीत म्हणून नुसत्या चपला दाखवल्या, शिडीपाशी काढून ठेवलेल्या चाळीस जोड्या. चप्पल चालेल असं प्रा.नंच आता ठरवलं. चपला गोळा करायला मी दारोदार फिरले. कोणीही का म्हणून विचारलं नाही, उलट एकानं धुऊन दिल्या.

चंद्रावरची गुहा पाहिजे होती. प्रा. म्हणे कचारगडच्या गुहेत जाऊ. यमुनाचं माहेर तिकडचं. ती म्हणाली, तो आमचा देव आहे, तिथं नाटक नाही करायचं. विषय संपला. चंद्र दाखवायचाच नाही असं ठरलं. गावाला तरी कुठे दिसतं, माणसं जातात तिथे काय आहे ते.

२४ ऑगस्ट

आज काही चांगलं झालं नाही.

माझा सीन. पोरगी म्हातारीला विचारते, आजी, माणूस कसा असते? म्हातारी सांगते. प्रा.नं दीड पानाचं भाषण लिहिलंय, चांगलं लिहिलंय. पाठ केलं होतं. बोलायला लागले की पोषण आहाराचा अहवाल वाचतेय असं वाटे. अकरा वेळा. बाराव्या वेळी समोरची पोरगी झोपली.

सगळ्या ओसरीवर बसल्या. मग यमुनाच म्हणाली, खाली पाहत, "एक गोष्ट सांगू? राग नको येऊ देजो. वासुदेवले करू दे. गावात त्याच्यापेक्षा चांगली म्हातारी नाई."

प्रा. म्हणाली, अगं मावशी, पुरुष नसलेलं जग. यमुना म्हणाली, तुझा नियम मलाही पटला होता, एक गडी नाही घ्यायचा. पण काम पण चांगलं व्हायला पाहिजे ना. पटलीण काकूंनी मान हलवली. सगळ्यांचंच तसं होतं, तोंडावर दिसत होतं.

मी उठून आत आले. इतका राग आला, यमुनाचा नाही. वीस वर्षं त्याच्या निऱ्या धरल्या. सेफ्टी पिना तोंडात धरून बसले. तो आरशापुढे, मी त्याच्या मागे, आरशात मी कधी दिसलेच नाही. त्याच्यासाठी शिट्ट्या वाजत तेव्हा मी घरी भाताला आधण ठेवत असे. एकदा, एकच वेळा मला म्हातारी मिळाली. सगळे पुरुष चंद्रावर धाडले आणि तरी ती त्यालाच द्यायची?

आणि मला येत नाही, हेही खरंच.

२५ ऑगस्ट

त्यानं सगळं ऐकलं होतं, गोठ्यातून. काल रात्री एक शब्द नाही. सकाळी मीच विचारलं, तुला पाहिजे का ते काम.

वाटलं होतं, नको म्हणेल, मोठेपणानं. मग मी आणखी चिडले असते. तो म्हणाला, "पायजे. खोटं कायले बोलू? चार वर्षं झाली, मले सपनात टाळ्या ऐकू येतेत."

मी चुलीसाठी काटक्या मोडायला लागले. तो म्हणाला, "पन ते तुयं आहे. तुले येत नाई. आता नाई येत, येईन."

मग शिकवायला बसला. चूल पेटवायच्या आधीच. पहिली गोष्ट, प्रा.चा कागद काढून घेतला. दुसरी, म्हणाला म्हातारी आठवत नसते, तिला दिसत असतं. "ज्याच्याबद्दल सांगून राहिली, तो पोरीच्या मांगं उभा कर. मंग त्याच्याकडं पाहू नको." मी विचारलं, कोणाला उभा करू. तो म्हणाला, ते तुझं तू पाहा.

हे त्याला कोणी शिकवलं असेल? मी कधी विचारलंच नाही. मला वाटायचं तो नुसतं लुगडं नेसतो.

७ सप्टेंबर

झालं. एकदाच घेतलं. मी कोणाला उभं केलं ते कोणी विचारलं नाही. काय बोलले ते इथे लिहायला लाज वाटते. बोलून झाल्यावर यमुना तोंडात पदर कोंबून आत निघून गेली. प्रा. म्हणाली, "आई, यातला एक शब्द कापणार नाही."

वा.ला त्या दिवशी मुद्दाम चोरखमाऱ्याच्या तलावावर मासे आणायला पाठवलं होतं. मासे बारीक निघाले.

५ ऑक्टोबर

प्रा. पिक्चर जोडत बसली आहे, लॅपटॉप तापतो म्हणून खाली ताट पालथं घालून. पटलीण काकू रोज विचारायला येतात, त्यांचा चेहरा जवळून किती वेळा आलाय. चार वेळा. पाच करा म्हणतात.

शेवट ठरत नव्हता. परदेशी पिक्चरांत शेवटी पुरुष सापडतो. आमच्यात चंद्रावरून निरोप येतो: आम्हाला परत यायचंय, येऊ का? बाया पंचायतीत बसतात. येऊ द्यायचं की नाही यावर खरोखरच भांडण झालं, कॅमेरा बंद असतानाही. शेवटी उत्तर काय द्यायचं ते यमुनानं सांगितलं आणि तेच ठेवलं.

वा. विचारतो, मला दाखवा. नाही. मंडईतच बघ.

२७ ऑक्टोबर

मंडई. सकाळपासून पाहुणे, भज्यांचा वास, फुगे, बांगड्या. रात्र नाटकाची असते, ती कोणी सोडणार नाही, म्हणून आम्हाला दुपार मिळाली. समाजमंदिराच्या खिडक्यांना ताडपत्र्या बांधल्या, दाराला सतरंजी. आत भट्टीसारखं गरम आणि पाय ठेवायला जागा नाही. बाया पुढे, पुरुष मागे. हा नियम यमुनाचा, दारात उभी राहून तिनं तो पाळायला लावला.

रोवणी दिसली तेव्हा बाया एकमेकींची नावं घेऊन ओरडल्या. चपलांच्या वेळी मागे गोंधळ झाला, प्रत्येक जण आपली ओळखत होता. धुऊन दिलेल्याची उठून दिसत होती.

मग मी आले. एवढी मोठी, पडदा म्हणून लावलेल्या चादरीवर. माझा हात पटलीण काकूंनी धरला होता की मी त्यांचा, माहीत नाही. पोरगी विचारते, आजी, माणूस कसा असते?

चादरीवरची म्हातारी म्हणाली:

"सगळे सारखे नोयते बापा. माया एक होता, त्याले लुगडं मायापेक्षा चांगलं नेसता येत होतं. मी निऱ्या धरत होतो अन् तो आरशात पाहत होता. लोक त्याले पाहून शिट्ट्या मारत, अन् मी घरी भात रांधत होतो. लय राग येत होता मले. आता साठ वर्षं झाली. आता चांदाकडं पाह्यलं का एकच वाटते, तिथं त्याच्या निऱ्या कोन धरत असन?"

मग एकेक डोकं मागे वळायला लागलं. अख्खं समाजमंदिर वळलं. मीही वळले, न राहवून.

तो शेवटच्या भिंतीपाशी उभा होता. पांढरा शर्ट, दाढी केलेली, डोळ्यांतून पाणी गळतंय आणि पुसत नाही. सगळे बघतात म्हटल्यावर काय करावं त्याला कळेना. मग त्यानं कंबरेत किंचित वाकून दोन्ही हातांनी मुजरा केला, पूर्ण, कलावंतिणीचा. शिट्ट्या अशा वाजल्या की पुढची पाच मिनिटं पिक्चर कोणी ऐकला नाही. प्रा.नं मागे घेऊन पुन्हा लावला.

शेवटी बाया चंद्राला उत्तर पाठवतात: "येत असान त रोवनीच्या आंधी या. मांगून येनाऱ्याले जेवन नाई." पोट धरून हसले लोक, पुरुषच जास्त.

बाहेर आल्यावर भासऱ्यांनी तक्रार केली की पऱ्ह्यांच्या पेंढ्या तर पुरुषच वाहून आणतात, ते का नाही दाखवलं. बरोबर आहे त्यांचं. यमुना म्हणाली, तुम्ही चंद्रावर होता ना.

घरी आलो तसा वा. दारात म्हणाला, "मले उभं केलं होतं काय?" मी म्हटलं, मग काय भासऱ्यांना करू. आनंद इतका झाला की जेवण गेलं नाही दोघांनाही.

२ नोव्हेंबर

देवाजी मास्तर आले. वा.ची दंडार पंधरा वर्षं त्यांनीच बसवली, आता त्यांचं स्वतःचं नाटक मंडळ आहे, हंगामभर गावोगाव प्रयोग. मोटारसायकल अंगणात थांबली तसा वा. उठला, आत जाऊन शर्ट बदलून आला, केस विंचरले, चहा स्वतः टाकला. मास्तरांनी आमचा पिक्चर मंडईत पाहिला होता. बसले, इकडचं तिकडचं बोलले, धान किती झाले, प्राचीचं कसं काय. वा. खुर्चीच्या टोकाशी.

मग मास्तर म्हणाले, या वर्षीच्या नाटकात एक काम आहे, करणारी मिळत नाहीये. आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मला आधी समजलंच नाही. मी वा.कडे पाहिलं, तो मास्तरांकडे पाहत होता. चहाची कपबशी त्यानं हळूच खाली ठेवली, आवाज न करता. मास्तर पुढे सांगत होते: होळीपर्यंतचा हंगाम, गाडी घरून नेईल, घरी सोडेल. मी म्हटलं, सकाळी दहाला अंगणवाडी असते. ते म्हणाले, विचार करा, परवा सकाळपर्यंत फोन करा, आणि नंबर लिहिलेला कागद वा.च्या हातात दिला.

ते गेले. वा.नं कपबशा विसळल्या. विळा घेतला आणि हलक्या, लवकर पिकणाऱ्या धानाच्या बांधीवर गेला. दिवसभर आला नाही.

मला नाचावंसं वाटत होतं आणि लपावंसंही. ज्या खऱ्या बाया आणून त्याला घरी बसवलं, त्यांच्यातली एक आता मी होणार. त्याच्याच घरातून, त्यानंच शिकवलेली.

३ नोव्हेंबर

दिवसभर त्यानं विषय काढला नाही. मीही नाही. संध्याकाळी मी चुलीपाशी, तो दारात पाय धूत होता. पाठ माझ्याकडे.

"काम कायचं आहे?"

सासूचं, म्हटलं.

"रडनारी का मारनारी?"

मास्तर म्हणाले दोन्ही. पहिल्या अंकात मारते, शेवटी त्याच सुनेच्या मांडीवर डोकं ठेवून रडते.

तो बराच वेळ पायावर पाणी ओतत राहिला. पाय कधीच स्वच्छ झाले होते. मग म्हणाला, "दोन्ही असन तं नाई म्हनू नको वं. तशा सासूची मी तीस वर्षं वाट पाहून राहिलो. मले कधी भेटली नाई."

मी म्हटलं, मग तू कर. मी मास्तरांना सांगते. त्यानं मान हलवली, हसला, आणि ते हसू नीट नव्हतं. म्हणाला, मास्तर पोट भरायला बसले आहेत, पुण्य करायला नाही. मग म्हणाला, माझ्यानं बघवेल का ते मला अजून माहीत नाही. पहिल्या प्रयोगाला येईन की नाही तेही आज सांगत नाही. पण काम सोडू नको.

मी भाताकडे पाहत बसले. डोळे भरून आले होते, धुरानं म्हणता आलं असतं.

तेवढ्यात तो आत आला आणि चुलीच्या पलीकडे बसला. बसला म्हणजे, अंग चोरून, गुडघे जवळ घेऊन, नजर जमिनीकडे. हात मांडीवर असे ठेवले की वाटावं, चार दिवसांपूर्वी लग्न होऊन आलेली पोर समोर बसली आहे. बावन्न वर्षांचा माणूस, गालावर धानाची धूळ. कुठे गेला तो, कळलं नाही.

"मारा आता, सासूबाई," ती म्हणाली.

माझा हात वर गेला आणि तिथेच राहिला. हसूही येत होतं आणि रडूही. तो नजर वर न करता त्याच्या नेहमीच्या आवाजात म्हणाला, "आंधी राग आन. हात मांगून येते." पुन्हा केलं. पुन्हा हसले. तिसऱ्यांदा नाही हसले.

भात खाली लागला. तसाच खाल्ला. मास्तरांना उद्या सकाळी फोन करायचा आहे, आठच्या आत. त्यांचा नंबर लिहिलेला कागद त्याच्याच खिशात आहे. मी मागितला नाही, त्यानं दिला नाही.